घरचे बी आणि फोनचे कुलूप

मृगाच्या तोंडावर कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याशी, कोंदिवड्यापासून खाली उल्हास नदीच्या काठाकाठाने, भाताची रोपे टाकायची घाई सुरू होते. भाजलेल्या राबावर जे बी पडते त्यातले बरेचसे घरचे असते, मागच्या हंगामात झोडपून, वाळवून, कणगीत जपलेले. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने काढलेली ‘कर्जत-३’ ही हळवी जात अशी घरच्या घरी पुन्हा पेरता येते. त्याच केंद्राने ‘सह्याद्री’ हा संकरित भातही दिला, पण त्याचे बी दर वर्षी विकत आणावे लागते, कारण संकरित पिकाचे दाणे पुन्हा पेरले तर ते एकसारखे उगवत नाहीत. तिथे अडचण निसर्गाची आहे. कर्जत-३ मध्ये अडचणच नाही. निसर्गाची काही हरकत नसताना केवळ विकणाऱ्याने कुलूप घातले म्हणून वस्तू पुन्हा उपयोगात आणता येत नाही, असा तिसरा प्रकार कणगीत सापडत नाही. तो त्याच शेतकऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात सापडतो, मोबाइलच्या रूपाने.

सहा-सात वर्षांचा एखादा साधा स्मार्टफोन घ्या. काच शाबूत असते, कॅमेरा चालतो, आवाज स्पष्ट येतो. बॅटरी उतरली असेल तर कर्जत स्टेशनाबाहेर किंवा खोपोलीच्या बाजारात ती बदलून मिळते. तरीही फोन ‘म्हातारा’ झालेला असतो, कारण कंपनीने त्याला नवे अँड्रॉइड देणे थांबवलेले असते. मग एकेक ॲप हात वर करते. त्याहूनही जुन्या अँड्रॉइड ४ वर आज व्हॉट्सॲप चालत नाही, मग त्या फोनची काच कितीही चकचकीत असो. सुरक्षेच्या दुरुस्त्याही काही काळाने बंद होतात. म्हणजे यंत्र झिजण्याआधी त्यातली आज्ञावली मरते, आणि मालकाला वाटते यंत्रच गेले. दुकानदारही तेच सांगतो, कारण नवा फोन विकण्यात त्याला चार पैसे सुटतात. माझे म्हणणे साधे आहे: कंपनीने सांभाळ सोडला त्या दिवशी कुलपाची किल्ली मालकाच्या हाती आली पाहिजे, आणि हे कंपनीच्या मर्जीवर न सोडता कायद्याने व्हायला हवे.

हे कुलूप म्हणजे काय, ते आधी पाहू. फोन चालू करताच सर्वांत आधी जागी होणारी छोटी आज्ञावली म्हणजे बूटलोडर. तिचे काम वाड्याच्या देवडीवरल्या पहारेकऱ्याचे. पुढे जी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होणार तिच्यावर कंपनीची सही आहे का, हे ती तपासते. सही नसेल तर दार उघडत नाही. बूटलोडर अनलॉक करणे म्हणजे या पहारेकऱ्याला ‘सही नसली तरी आत सोड’ असे सांगणे. त्यानंतर कंपनीचे अँड्रॉइड काढून दुसऱ्या कोणी त्या फोनसाठी बांधलेले अँड्रॉइड बसवता येते, त्याला कस्टम रॉम म्हणतात. रूट करणे ही तिसरीच गोष्ट. चालू सिस्टिममध्ये सर्वाधिकार मिळवणे म्हणजे रूट, आणि त्यासाठी २०१६ मध्ये आलेले जॉन वू यांचे ‘मॅजिस्क’ हे साधन सर्वाधिक वापरले जाते. बोलताना लोक या तिन्हींना मिळून ‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. लिनेजओएस हे आजचे सर्वांत माहितीचे कस्टम रॉम मुळात रूट न करताच येते. कुलूप उघडून नवी, ताजी सिस्टिम बसवलेला फोन आणि सर्वाधिकार कुठल्याही ॲपच्या हाती द्यायला तयार असलेला फोन, या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

प्रत्यक्ष कृती दिसते तितकी गूढ नाही. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या भागात जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवायचे. सातव्या टिचकीला फोन जाहीर करतो की तुम्ही आता डेव्हलपर झालात. इतक्या स्वस्तात ही पदवी जगात दुसरीकडे कुठे मिळत नसावी. मग नव्याने उघडलेल्या यादीत ‘ओईएम अनलॉकिंग’ आणि ‘यूएसबी डीबगिंग’ सुरू करायचे, केबलने फोन कॉम्प्युटरला जोडायचा, आवाज कमी करण्याचे आणि पॉवरचे बटण एकत्र दाबून फास्टबूट नावाच्या काळ्या पडद्यावर जायचे आणि तिथून एका ओळीची आज्ञा द्यायची. फोन एकदा विचारतो, खात्री आहे ना? हो म्हटले की आतले सगळे पुसले जाते, फोटो, नंबर, संदेश सगळे. ही पुसापुशी मुद्दाम ठेवलेली आहे, तिचे कारण पुढे येईल. त्यानंतर त्या फोनच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेले रिकव्हरी आणि रॉम टाकायचे. ‘नेमक्या’ या शब्दावर जोर, कारण एका अक्षराने वेगळ्या मॉडेलचे रॉम टाकले की फोन डेड होऊ शकतो, आणि मग दुकानदारही हात टेकतो. पुढे प्रत्येक वेळी फोन सुरू करताना, सही तपासलेली नाही अशी ताकीद पडद्यावर येते. कुलूप उघडे आहे तोवर ती सोबत राहते.

मराठी माणसाला हा खटाटोप हौसेखातर सुचला असे कोणी समजू नये. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या वर्षांत देवनागरी मजकूर उघडला की रिकाम्या चौकोनांची रांग दिसे. फोनमध्ये देवनागरीचा फॉन्टच नसे. ऑपेरा मिनी ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप करून, गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरण्याचा पर्याय चालू केला की मराठी बातम्या वाचता येत. अनेकांनी हा मंत्र एकमेकांना तोंडी दिला. पण ती सोय त्या एका ब्राउझरपुरती. एसएमएस, फोनबुक, फाइलींची नावे मराठीत दिसायला हवी असतील तर फॉन्ट सिस्टिमच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवावा लागे, आणि त्या फोल्डरला हात लावायला फोन रूट करावा लागे. फॉन्ट टाकूनही काम अर्धेच होई, कारण अक्षरे जुळवणारे यंत्र आत नसे. ‘दिवाळी’ची पहिली वेलांटी ‘द’च्या आधी न येता नंतर जाऊन बसे. ‘कर्जत’चा रफार ‘ज’च्या डोक्यावर न चढता ‘कर्‌जत’ असा पाय मोडून पडे. खालापूर तेवढे सुखरूप सुटे, त्यात जोडाक्षर नाही. पुढे गूगलने ही दुखणी मूळ सिस्टिममध्येच दूर केली, आणि २०१४ च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड ५ मध्ये ज्या १५ भाषा नव्याने आल्या त्यांत मराठी होती. पण ज्यांच्या फोनला कंपनीने अँड्रॉइड ५ दिलेच नाही त्यांचे काय? त्यांच्या फोनवर मराठी मेन्यू येण्याचा बहुधा एकच मार्ग होता, दुसऱ्या कोणी तरी बांधलेले रॉम. मुंबईत आयआयटीच्या पदवीधरांनी उभ्या केलेल्या इंडस ओएस या कंपनीने हीच गरज हेरून भारतीय भाषांचे अँड्रॉइड बनवले आणि मायक्रोमॅक्ससारख्या कंपन्यांच्या फोनवर ते विकलेही गेले. म्हणजे मूळ सिस्टिममध्ये हात घालणे हा आडवाटेचा उद्योग नव्हता. आपली लिपी आपल्या फोनवर नीट दिसावी, इतकी साधी मागणी त्यामागे होती.

मालकाच्या हाती किल्ली आली तर फोन किती जगतो? वनप्लस वन हा फोन भारतात डिसेंबर २०१४ मध्ये आला. त्यावरचे रॉम सायनोजेनचे होते, म्हणजे स्टीव्ह काँडिक या अमेरिकी प्रोग्रामरने २००९ मध्ये हौसेने सुरू केलेल्या सायनोजेनमॉडचे बाजारी रूप. त्याच महिन्यात मायक्रोमॅक्सने ‘यू युरेका’ हा फोन त्याच सिस्टिमवर आणला आणि भारतात सायनोजेन वापरण्याचा हक्क आपल्यालाच आहे म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. वनप्लसची विक्री काही दिवस थांबलीसुद्धा. एखाद्या हौशी रॉमसाठी दोन फोन कंपन्या भारतात कोर्टाची पायरी चढतात, यावरून त्याची पत कळावी. दोन वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, सायनोजेन कंपनीने या रॉमचा गाशा गुंडाळला. कंपनीकडून वनप्लस वनला मिळालेले शेवटचे अँड्रॉइड होते सहावे. पण कुलूप उघडता येत होते आणि मूळ कोड सर्वांसाठी खुला होता, म्हणून त्याच कोडवर लिनेजओएस उभे राहिले आणि याच फोनला अँड्रॉइड ११ पर्यंत नेऊन पोहोचवले. यंत्र तेच, कंपनीने साथ सोडलेली, तरी पाच पिढ्या पुढे. नेदरलँड्समधल्या फेअरफोनची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०१५ च्या फेअरफोन २ ला लागणाऱ्या चिपचा सांभाळ चिप बनवणाऱ्या कंपनीने मध्येच सोडला. फेअरफोनच्या माणसांनी लिनेजओएसच्या स्वयंसेवकांच्या कामाचा आधार घेत तो फोन अँड्रॉइड १० पर्यंत नेला आणि मार्च २०२३ पर्यंत सांभाळला. नवे अँड्रॉइड जुन्या यंत्राला पेलत नाही, हे जे सरसकट ऐकवले जाते, ते या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही. पेलण्याचा प्रश्न असतो, पण बहुतेक वेळा कंपनीला त्यात नफा दिसत नाही हा त्याहून मोठा प्रश्न असतो.

हे काम करणाऱ्यांना पगार नसतो, तरी ते का करतात? केलेल्या कामावर नाव राहावे, ही ओढ जुनी आहे. कोंडाण्याच्या चैत्यगृहापाशी ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख कोरलेला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कान्ह याच्या बलक नावाच्या शिष्याने हे केले, एवढेच तो सांगतो. बहुतेक लेण्यांत दान देणाऱ्याचे नाव कोरलेले आढळते, इथे करणाऱ्याचे आहे, तेही गुरूच्या नावासकट. अँड्रॉइडच्या तळाशी असलेल्या लिनक्सचा परवाना याच वळणाचा आहे. कोड घ्या, बदला, वाटा, पण आधी ज्यांनी केले त्यांची नावे पुसू नका आणि तुम्ही वाटलेला बदलही उघडा ठेवा. या परवान्यामुळेच फोन कंपन्यांना आपला लिनक्सचा भाग खुला करावा लागतो, कितीही उशीर लावला तरी. पण कोड खुला आणि दार बंद, अशी स्थिती असेल तर तो कोड नुसता वाचायला उरतो.

आता आक्षेप. सर्वांत जड आक्षेप बँकेचा आहे. नेरळच्या वडापावच्या गाडीपासून चौक गावच्या भाजीवाल्यापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड लटकत असताना, कुलूप उघडलेल्या फोनवर बँकेचे ॲप चालेलच याची हमी नाही. अनेक ॲप्स गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या सेवेला विचारतात, फोनचे कुलूप शाबूत आहे का? नाही म्हटले की ॲप बंद. बँकांची काळजी खोटी नाही. रूट केलेल्या फोनवर एखादे वाईट ॲप दुसऱ्या ॲपच्या पोटात हात घालू शकते. पण या तपासणीचा परिणाम काय होतो तो पाहा. वर्षानुवर्षे एकही सुरक्षा-दुरुस्ती न मिळालेला जुना फोन निव्वळ कुलूप शाबूत म्हणून पास होऊ शकतो, आणि याच महिन्याची दुरुस्ती असलेला, रूट न केलेला लिनेजओएसचा फोन नापास होतो. गावातल्या सगळ्या भिंतींना भगदाडे पडली आहेत, पण वेशीवर कुलूप आहे, म्हणून गाव सुरक्षित, असा हा न्याय. आणि सुरक्षा हवी म्हणून किल्ली कंपनीकडेच राहिली पाहिजे, हेही खरे नाही. गूगलच्या पिक्सेल फोनवर मालकाला स्वतःची सही नोंदवून दार पुन्हा बंद करता येते. ग्राफीनओएस हे सुरक्षेसाठीच प्रसिद्ध असलेले रॉम याच सोयीवर उभे आहे. कुलूप राहते, फक्त किल्ली बदलते. हे तंत्र अस्तित्वात आहे, ते सगळीकडे नाही इतकेच. तरीही आजची वस्तुस्थिती झाकण्यात अर्थ नाही: घरात एकच फोन असेल आणि त्यावरच पैसे येत-जात असतील, तर त्याचे कुलूप उघडू नये.

दुसरा आक्षेप चोरीचा. कुलूप उघडणे सोपे झाले तर कर्जत लोकलमध्ये मारलेला फोन चोराला साफ करून विकता येईल, असे म्हणतात. इथे ती पुसापुशी कामाला येते. अनलॉकचा पर्याय चालू करायलाच आधी मालकाचा पिन लागतो, आणि उघडताना सगळी माहिती जाते. चोराच्या हाती फोटो किंवा बँकेचे तपशील लागत नाहीत. उरला फोनचा सांगाडा. त्यासाठी फोनचा आयएमईआय क्रमांक देशभर बंद करण्याची सरकारी सोय आहे. २०१९ मध्ये ती प्रथम महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेलीत सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टलवर सगळ्या देशाला खुली झाली. रॉम बदलल्याने हा क्रमांक बदलत नाही, आणि तो मुद्दाम बदलणे हा गुन्हा आहे. चोर पकडण्याची व्यवस्था वेगळी आहे, मालकाला कोंडण्याची वेगळी.

तिसरी अडचण आक्षेप म्हणून फारशी कोणी मांडत नाही, पण मला ती सर्वांत खरी वाटते. रॉम बदलल्यावर कधी कधी फोनवर बोलणेच बंद होते. ४जीवरून कॉल लावण्याचे तंत्र, म्हणजे व्होल्टी, प्रत्येक चिप आणि कंपनीनुसार वेगळ्या बंदिस्त आज्ञावलीत असते आणि ती स्वयंसेवकांना मिळत नाही. २०१६ मध्ये जिओ आले ते केवळ ४जी घेऊन, त्यामुळे व्होल्टी गेले की जिओचा कॉल गेला. राजमाचीच्या पायथ्याच्या वाड्यांत, जिथे आधीच एकाच कंपनीची रेंज येते, तिथे हा तोटा लहान नाही. कॅमेऱ्याचे फोटोही पूर्वीपेक्षा कमी दर्जाचे येतात, कारण त्यातली कारागिरी कंपनीची असते. हे तोटे कस्टम रॉमच्या भक्तांनी उघडपणे सांगावेत. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? हे तोटे रॉमच्या स्वभावातले नाहीत. कंपनीने जाताना काही कागद आपल्याबरोबर नेले म्हणून ते आहेत. घर सोडून जाणाऱ्या मालकाने भाडेकरूला दाराची किल्ली द्यावी आणि पाण्याच्या टाकीची देऊ नये, तसे. मागणी दोन्ही किल्ल्यांची हवी.

कंपन्या सध्या काय करतात, तेही एकसारखे नाही. हुआवेने २०१८ मध्ये अनलॉकचे कोड देणे बंदच केले. शाओमी देते, पण खाते जोडून आणि अनेकदा काही दिवस थांबवून. सॅमसंगच्या फोनमध्ये परके सॉफ्टवेअर पहिल्यांदा चढले की आतला एक सूक्ष्म फ्यूज कायमचा जळतो, आणि नंतर जुनी सिस्टिम परत टाकली तरी सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी परत येत नाहीत. प्रत्येकाचे नियम वेगळे, आणि खोक्यावर त्यातले काहीही छापलेले नसते. उलट चांगली बातमी म्हणून सांगतात की पिक्सेल ८ पासून सात वर्षे अपडेट मिळतात, सॅमसंगच्या महागड्या फोनांनाही तसेच. खरे आहे, पण ती महागड्या फोनांची गोष्ट झाली. युरोपीय संघाने जून २०२५ पासून नियमच केला की फोन बाजारातून निघाल्यावरही किमान पाच वर्षे सॉफ्टवेअर अपडेट द्यावे लागेल. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झाले. एप्रिल २०२३ पासूनच्या ई-कचरा नियमांचा भर मुख्यतः फोन भंगारात गेल्यानंतर काय करायचे यावर आहे. भंगारात जाण्याआधीच्या फोनच्या कुलपाबद्दल दोन्हीकडे शांतता आहे.

आणि किल्ली वापरणाऱ्याच्या हाती देणारा कायदा भारताला नवा नाही. पीक वाणांचे संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्याच्या कलम ३९ नुसार, नोंदणी झालेल्या, दुसऱ्याच्या मालकीच्या वाणाचे बीसुद्धा शेतकरी साठवू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ आणि विकू शकतो. अट एकच, ब्रँडच्या नावाने विकायचे नाही. वाण काढणाऱ्याचा हक्क राहिला आणि पेरणाऱ्याचाही राहिला. फोनला हेच कलम लावून पाहा. मालकाने कुलूप उघडावे, दुसरी सिस्टिम बसवावी, शेजाऱ्याला बसवून द्यावी, फक्त ‘ही कंपनीचीच’ म्हणून विकू नये आणि वॉरंटी मागू नये. कॉपीराइट कायदासुद्धा आड येत नाही. २०१२ मध्ये घातलेले कलम ६५अ डिजिटल कुलूप तोडणे गुन्हा ठरवते ते हक्कभंगाच्या हेतूने तोडले तरच, आणि आपल्याच फोनवर मुक्त परवान्याची सिस्टिम चढवण्यात तो हेतू दिसत नाही. अमेरिकेने २०१० मध्येच फोनचे कुलूप उघडण्याला कॉपीराइट कायद्यातून सूट दिली. तेव्हा बंदी उठवण्याचा प्रश्न आपल्यापुढे नाहीच. प्रश्न किल्ली द्यायला लावण्याचा आहे. शेवटची अपडेट दिली त्या दिवसापासून ठरावीक मुदतीत, फुकट, बूटलोडर उघडण्याची सोय आणि कॉल व कॅमेऱ्यासाठी लागणाऱ्या फाइली कंपनीने खुल्या कराव्यात, एवढे एक कलम पुरेसे आहे. कंपनीने नवे काही बांधायचे नाही, खर्च नाही, जबाबदारी नाही. फक्त वाट सोडायची आहे.

पण गावातले किती लोक हे करणार, असे विचारतात. थोडेच करतील, आणि तेवढे पुरेत. बी निवडून जपणारे घरही गावात एखाददुसरेच असते, बाकीचे त्याच्याकडून मूठ-पायली नेतात. प्रत्येक बाजारपेठेत मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, आणि सॉफ्टवेअर मारायचे ज्ञान तिथे आजही आहे, फक्त कुलपापाशी अडलेले. असा जिवंत केलेला फोन मुलांना धडे वाचायला, गाणी ऐकायला, घरातल्या वायफायवर व्हिडिओ कॉलला, शेतावरच्या खोपीत हवामान पाहायला पुरतो.

तोवर वाचकाने दोन गोष्टी कराव्यात. पुढचा फोन घेताना दुकानदाराला विचारावे, अपडेट किती वर्षे मिळणार आणि बूटलोडर उघडतो का. दुसऱ्या प्रश्नाला तो बहुधा तुमच्याकडे पाहतच राहील, तरी विचारावे. आणि कपाटातला जुना फोन दोन-तीनशे रुपयांच्या एक्सचेंजमध्ये देण्याआधी त्याचा नेमका मॉडेल नंबर लिनेजओएसच्या यादीत आहे का ते पाहावे, बॅटरी फुगलेली नाही ना याची खात्री करावी, आणि कुलूप उघडण्यापूर्वी फोटो दुसरीकडे उतरवून घ्यावेत. ते परत मिळत नाहीत.